टाकीतलं पाणी

गंजक्या, तेलकट पाण्याचा वास आला की पडेगावच्या गॅरेजातली एक दुपार आठवते. मी तिथं मिस्त्री होतो, आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर दर आठवड्याला माझ्याकडं ब्रेक तपासायला यायचा. हवेच्या ब्रेकच्या टाकीत पाणी साचतं. खालचा कॉक उघडून ते काढलं नाही, तर उतारावर हवा पुरत नाही. काम पाच मिनिटांचं. त्या दिवशी ऊन लई होतं आणि मी डबा उघडून बसलो होतो. ड्रायव्हरनं विचारलं, "उस्ताद, पाणी काढलं ना? येताना भरल्या गाडीनं खुलताबादचा घाट उतरायचाय." तोंडातला घास चावतच मी म्हणालो, "व्हय, काढलं. जा बिनघोर." कॉकला मी हातही लावला नव्हता. संध्याकाळी कळलं, घाटात ब्रेक लागले नाहीत. समोरून माणसांनी भरलेली जीप येत होती, म्हणून त्यानं ट्रॅक्टर डोंगराच्या अंगाला घातला. जीप वाचली, त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ ट्रॅक्टरच्या मालकानं मला विचारलं, "ब्रेक तपासले होते का?" मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "उस्तादनं समदं केलं होतं, मालक. माझाच अंदाज चुकला." मी खाली मान घालून उभा राहिलो. मला वाचवायला तो खोटं बोलला, की माझं खोटं त्याला खरंच वाटलं होतं, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. गेल्या वर्षी तो वारला.