रेनाटेच्या घरी बोललेलं वाक्य

बायकोला वाटतं, जर्मनीहून येणारे फोन मी कंटाळा म्हणून टाळतो. बहिणीला वाटतं, परदेशात जाऊन मी तुसडा झालो. दोघींना मी तसंच वाटू दिलं आहे. खरं काय ते आजवर तोंडातून निघालं नाही – तुमच्यापुढे निघतंय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आधी रेनाटेबद्दल सांगतो. मी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या एका लहान शहरात गेलो, तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती. रेनाटे आणि तिच्या नवऱ्यानं माडीवरची खोली मला दिली. सत्तरीकडे झुकलेली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. नावानंच हाक मार, असं तिनंच बजावलं होतं. मी गाईचं मांस खात नाही म्हटल्यावर तिनं माझ्यासाठी वेगळी कढई आणली. थंडीत तापानं पडलो, तर दुखऱ्या गुडघ्यांनी चार दिवस जिना चढून सूप घेऊन आली. परक्या पोरासाठी कोण करतं एवढं?

आणि अशा माणसांशी मी काय केलं? लांबण लावतोय मी – कळतंय मला.

गेल्यावर दुसऱ्याच रविवारी, दुपारी जेवताना, तिनं विचारलं, तुझी आई काय करते?

माझी आई आमच्या गावी, कोडोलीत, चार म्हशी सांभाळायची. शेण काढायची, धारा काढायची, डोक्यावर वैरणीचा भारा आणायची. सही म्हणून अंगठा. यात लाजण्यासारखं काय होतं? रेनाटेनं नाक मुरडलं नसतं, उलट कौतुकच केलं असतं, हेही मला ठाऊक होतं. पण त्याच आठवड्यात वर्गातली मुलं आपापल्या आयांबद्दल बोलली होती – कुणाची डॉक्टर, कुणाची वकील. ते डोक्यात होतं.

मी म्हणालो, माझी आई वारली.

भाषा नवी होती, शब्द चुकला, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. कसला चुकला? ते वाक्य मी अगदी बिनचूक बोललो होतो.

रेनाटेनं काटा खाली ठेवला आणि माझ्या हातावर हात ठेवला. आणि – हेच सांगायला जड जातंय – मला ते आवडलं. त्या दिवसापासून तिनं मला बिनआईचं लेकरू म्हणून जपलं, आणि मी जपून घेतलं. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या दिवशी तिनं मला चर्चमध्ये नेलं, आईसाठी मेणबत्ती लावली. नाव विचारलं. मी खरं नाव सांगितलं.

इकडे आई बहिणीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करायची. एकच मागणं असायचं. "त्या बाईला दाव की मला एकदा. भाषा न्हाय आली तर न्हाय. तोंड तर बघू दे तिचं."

ती घरात नाही, मी सांगायचो. खाली रेनाटे भांडी घासत असायची, मला आवाज यायचा.

"बरं, मग सांग तिला. तुझ्या जिवावर मी हितं बिनघोर हाय म्हणावं."

दोन वर्षं असं चाललं. गावचा एक जण तिकडे येणार होता, त्याच्याबरोबर आईनं रेनाटेसाठी इरकली साडी पाठवली. ती मी दिली – माझ्या आईची शेवटची आठवण म्हणून. रेनाटे रडली. हे मी घेऊ शकत नाही, म्हणाली. मी आग्रह केला. आईनं विचारलं, आवडली का? आवडली म्हटलं.

परत आलो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये जर्मन शिकवू लागलो. आई म्हणायची, "पावणी म्हणून बोलीव की तिला. लई केलंय तिनं तुझं." तिला आता प्रवास झेपत नाही, मी सांगायचो. रेनाटेनं कोल्हापूरला येण्याबद्दल दोनदा विचारलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, तिसऱ्या दिवशी संपलं. तेराव्याच्या आदल्या दिवशी नेमका रेनाटेचा फोन आला. आवाज ऐकूनच तिला कळलं, काहीतरी बिनसलंय. काय झालं, तिनं विचारलं.

माझ्या बरोबरीनं रडली असती अशी ती एकच बाई होती. पण तिचं रडून झालं होतं, कधीच.

सर्दी झालीय, मी म्हणालो.

"तुझी आई असती तर आज तुला घराबाहेर पडू दिलं नसतं," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. फोन ठेवला, मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घातली आणि अंगणातल्या माणसांत जाऊन बसलो.

रेनाटे आता ऐंशीला आलीय. कमी ऐकू येतं तिला. सांगायला हवं, हे कळतं. सांगणार नाही, हेही कळतं. भितो मी. आईला लपवताना भीत होतो, तेवढाच.