परदेशी तराजू आणि मूठभर ज्वारी

तिचं नाव मी विचारलं नाही. तेवढी उसंतच तिनं दिली नाही.

पिकाचा अंदाज काढणाऱ्या सरकारी खात्यात मी तेव्हा नवा होतो. आपल्या देशाची आकडेवारी सुधारावी म्हणून एका परदेशी सरकारनं मदत पाठवली होती. त्यातला एक चकचकीत तराजू घेऊन मी इंदापूरकडच्या तिच्या शेतात उतरलो. दोरीनं आखलेल्या चौकोनातली ज्वारी कापायची, मळायची आणि तोलायची, एवढंच काम.

पदराचं टोक दातात धरून ती बघत होती. मी वजन वाचायला वाकलो, तोच तिची भरलेली मूठ पारड्यावर आली.

"बाई, ती चौकोनाबाहेरची ज्वारी! देशाचा आकडा फुगेल!"

"फुगू द्या की. देश काय परका हाय?"

मी डोळे वटारले, तेव्हा कुठं मूठ मागं गेली. वजन टिपलं, ज्वारी तिच्या पाटीत ओतली आणि मी तराजू आवरायला घेतला. बघतो तर पारड्यात पुन्हा मूठभर ज्वारी!

"अहो, मोजणी झाली!"

"मोजाया न्हाय ती. ह्यो सायबाच्या देशातनं आलाय म्हनला न्हवं तुमी? दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं धाडायचं?"

ती ज्वारी मी पुरचुंडीत बांधून घेतली. पुढं तिकडचा साहेब पुण्याच्या कचेरीत आला, तेव्हा ती पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवून मी सगळं सांगितलं. त्यानं ती कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवली.

आमच्या खात्याचं आभाराचं पत्र मात्र अजून सहीसाठी फिरत होतं.