धवलारीण ठमाबाई साक्षर झाल्या त्याची हकिकत

मनुष्याला ज्ञान द्यावयाचे असेल तर प्रथम त्याचा मान राखावा लागतो, असे माझे मत आहे. हे मत मला माझ्या शेजारीण ठमाबाई यांच्यामुळे प्राप्त झाले. म्हणून त्यांची हकिकत मी लिहीत आहे.

आमचे गाव पनवेलच्या पूर्वेस, नेरे गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आहे. ठमाबाई आमच्या गावच्या धवलारीण होत्या. आम्हा आगरी लोकांत लग्न धवलारीण लावते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे ती गाते, त्याला धवला म्हणतात. ठमाबाईंना असे किती धवले येत होते ते त्यांनाही सांगता आले नसते. एरवी त्या आमच्याप्रमाणेच चिखलात उभ्या राहून भात लावीत. परंतु मांडवात त्या बसल्या म्हणजे मोठमोठे पुरुष खाली बसत व विड्या विझवीत. आवाज गोड नव्हता, जरा जाडा होता. तरीसुद्धा तो ऐकताना आपले घर, आपला मांडव, आपली लेक सुंदर आहे असे प्रत्येकाला वाटे. सौंदर्य म्हणजे काय, हे मला तेथे समजले.

सन १९६१ साली आमच्या गावात साक्षरतेची मोहीम आली. मारुतीच्या देवळात कंदील लावून वर्ग भरू लागला. दयाराम गुरुजी शिकवीत. पन्नाशीच्या आतील सर्व माणसे साक्षर झाली म्हणजे गावाचा जाहीर गौरव होणार होता. भाताची कापणी करून आलेले आमचे हात पाटीवर वळू लागले. मीही त्याच वर्गात शिकले, याचा मला अभिमान आहे.

सर्वजण आले, फक्त ठमाबाई आल्या नाहीत. त्यांची पन्नाशी अजून व्हायची होती, त्यामुळे त्यांच्यावाचून गौरव अडला. गुरुजींनी विनंती केली, बायकांनी टोमणे मारले. ठमाबाईंचे म्हणणे एवढेच की, मला गरज वाटेल तेव्हा मी येईन, कोणी हाकलून मी येणार नाही. अखेर सरपंच काशिराम त्यांच्या अंगणात गेले.

"ठमाबाय, वर्गाला येत नसशील तं पुढं कोनच्या मांडवात तुला बोलावनार नाय. वर्गातली आमची गोदू आता वाचते. तुझं धवलं आमी कागदावर उतरवलंय."

ठमाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबविले नाही. "बरं हाय. कागदाला पाट द्या बसायला," त्या म्हणाल्या.

काशिरामांचे बोलणे खोटे नव्हते. आमच्या गावच्या शांतीचे लग्न सुकापूरच्या विठूशी झाले, तेव्हा गोदूने व वर्गातील इतर बायकांनी ठमाबाईंचा धवला ऐकत ऐकत लिहून घेतला होता. आपल्या हाताने एवढे लिहिले याचा त्यांना फार आनंद होता. पुढे काशिरामांच्या मुलीचे, वेणूचे लग्न निघाले. ठमाबाईंना आमंत्रण गेले, पण पाहुणी म्हणून. त्या आल्या नाहीत. धवलारीण म्हणून ज्या गावात त्यांनी उमर घालविली, तेथे त्या प्रथमच लग्नाच्या दिवशी आपल्या ओटीवर बसून राहिल्या.

मांडवात गोदू पाटावर बसली. कागद दोन्ही हातांनी धरून ती खणखणीत आवाजात वाचू लागली. गावातील बाई वाचून लग्न लावते आहे, हे पाहून आमचा ऊर भरून आला. अंतरपाट धरलेला होता. गोदूने जे लिहिले होते तेच वाचले:

"शांतीचा हात गो विठूचे हाती..."

नवरदेवाची आई उभी राहिली. "आमच्या पोराचा नाव विठू नाय," ती म्हणाली. "तुमी कोनाचा लगीन लावताव?"

कोणीतरी मागून म्हणाले की सुकापूरच्या विठूला बोलावणे पाठवा, त्याला दुसरी मिळाली. त्यावर काही लोक हसले. परंतु वरपक्ष हसला नाही. धवल्यात ज्याचे नाव येते त्याच्याशी लग्न लागते, असे आमच्यात मानतात. वरपक्षातील वडील मंडळी पायात वहाणा घालू लागली. गोदू रडू लागली आणि वेणू हळदीच्या अंगाने अंतरपाटाआड तशीच उभी राहिली.

काशिराम अनवाणी ठमाबाईंकडे गेले. ते काय बोलले ते मला माहीत नाही. ठमाबाई आल्या ते मी पाहिले. त्यांनी लुगड्याचा पदर नीट केला, गोदूला पाटावरून उठू दिले नाही, तिच्या शेजारीच जमिनीवर बसल्या. मग त्यांनी धवला पहिल्यापासून सुरू केला. वेणूचे नाव आले, नवरदेवाचे आले, त्याच्या रुसलेल्या आईचे तर दोनदा आले. शेवटी, जी पोर अक्षर शिकली त्या गोदूचेही नाव त्यांनी गाण्यात घेतले. नवरदेवाची आई वहाणा काढून पुन्हा बसली.

जेवणे झाल्यावर काशिराम सर्वांसमक्ष म्हणाले, "ठमाबाय, गावाचा गौरव नाय झाला तरी चालंल. तुझ्यावर जबरी नाय."

ठमाबाई दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन वर्गात आल्या.

आम्ही चकित झालो. गोदूने कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काल तुझ्याकडनं कागद वाचून घेतला. गानं सगलं होतं गो त्याच्यात. पन तुमी त्याला शांतीच्या नावानं बांधून टाकलंत. कसं लिवायचं तां मीच शिकतंय."

परीक्षेच्या दिवशी तालुक्याहून अधिकारी आले. त्यांनी ठमाबाईंना मनाने काही लिहावयास सांगितले. त्यांनी धवल्यातील ती अडलेली ओळ लिहिली, अक्षरे मोठी व वाकडी होती. अधिकाऱ्यांनी पाटी पाहून सांगितले की, बाई, मध्ये दोन शब्द राहिले आहेत.

"राहिलं नाय, साहेब. ठेवलंय," ठमाबाई म्हणाल्या. "जिचं लगीन, तिचा नाव तिथं येल."

अधिकाऱ्यांनी पाटी पुन्हा वाचली आणि त्यांना उत्तीर्ण केले. आमच्या गावाचा गौरव झाला. माणसाला मोकळे सोडले तर तो ज्ञानाकडे आपल्या पायांनी चालत येतो, हे आम्ही सर्वांनी त्या दिवशी पाहिले. पुढे गोदू धवलारीण झाली. तिने लिहिलेल्या प्रत्येक धवल्यात नावांच्या ठिकाणी कोरी जागा असते.