आत्यानं बांधलेली चिंधी

आत्याला निवांत बसणं ठाऊकच नव्हतं. घास तोंडात आणि नजर दारात. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे, म्हणजे भावाकडे, दिघाशीला राहायला आली होती. कुणाचं काही बिनसलं की जुन्या लुगड्याची चिंधी फाडून स्वतःचं डोकं करकचून आवळायची. "डोकं बांधलं का इचार जाग्याव राहतान," म्हणायची. राहत मात्र कधीच नव्हते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी दहाची. गरम पेजेवर फुंकर घातली की माझा उजवा हात लुळा पडायचा. घरचे म्हणत, नाटकं. रडल्यावरही हेच होतं, हे आत्यानं ताडलं आणि मुंबईच्या डॉक्टरांना धडाधड सांगून टाकलं. आजार निघाला मोयामोया. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या त्यात हळूहळू अरुंद होतात, आणि फुंकताना, रडताना श्वास वाढला की आणखी आकसतात.

ऑपरेशनमध्ये कानशिलावरची रक्तवाहिनी कवटीच्या आत मेंदूवरच्या वाहिनीला जोडली. मग नियम आले : भरपूर पाणी, रडू द्यायचं नाही, कानशिलावर दाब नको. आत्या वॉर्डात येरझाऱ्या घालायची. नर्स सुई घेऊन आली की तोंड वेडंवाकडं करून मला हसवायची. शेजारच्या खाटांवरचे वैतागत.

घरी येताना कशेळीला ट्रकांच्या रांगेत गाडी दोन तास अडकली. पोचलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. आत्याचा हात सवयीनं चिंधीकडे गेला आणि तिनं ती माझ्या डोक्याला करकचून बांधली. आईनं ती ओढून काढेपर्यंत माझी जीभ जड झाली होती. पुन्हा इस्पितळ, सलाईन. बोलणं परतलं, उजव्या हाताची दोन बोटं आजही नीट मिटत नाहीत.

"माज्या हातानं झालं," आत्याच गावभर सांगत सुटली. बाबा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. तिनं स्वतःचं डोकंही पुन्हा बांधलं नाही. मी गप्प राहिले, त्याची मला आजही लाज वाटते. ट्रकांच्या त्या रांगेत लघवीला कुठं उतरायचं, म्हणून मी बाटलीतल्या पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आईला आणि नंतर डॉक्टरांनाही प्याले म्हणून खोटंच सांगितलं होतं.

आत्याच्या शेवटच्या आजारात मी हे तिच्यापाशी कबूल केलं. ती अंथरुणातही चुळबुळतच होती.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "भरलेली बाटली मीच मोरीत वतली. बापानं तुला बोल लावला असता, आन् तू रडली असतीस."