कार्थेजचे धोंडे आणि आमचा बांध

माझ्या बायकोला कुठंही शेंदूर लावलेला धोंडा दिसला की ती आधी हात जोडते आणि मग विचारते, हा देव कोणता. भोकरदनहून राजूरच्या गणपतीला निघालो तरी आमची गाडी वाटेत तीनदा थांबते. नागपंचमीला तर कहरच. बाकीच्या बाया वारुळाला वाटीभर दूध घालून घरी येतात. ही तांब्या भरून घेते आणि शेताच्या उत्तरेकडच्या बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धार सोडत जाते. मी दरवर्षी चिडवायचो, "नागाला पाजून राह्यली का बांध शिंपून राह्यली?" एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई, तेवढ्यापुरती नुसती तांब्या सांभाळत पुढं चालायची.

मुलगा ट्युनिशियात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात कापूस वेचून झाला आणि आम्ही दोघं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि राजूरचा अंगारा घेऊन त्याच्याकडे गेलो. एका रविवारी त्यानं आम्हाला कार्थेजला नेलं. दोन हजार वर्षांहून जुनं, प्यूनिक म्हणजे तिथल्या प्राचीन लोकांचं देवस्थान. मी मोठ्या देवळाची तयारी करून गेलो होतो. बघतो तर झाडाखाली, गवतात, गुडघ्याएवढे धोंडेच धोंडे. काही कलंडलेले, काही एकमेकांना टेकलेले. आमच्या गावच्या वेशीवर असावेत तसे.

देवस्थान म्हटल्यावर आम्ही चपला काढल्या. पहारेकऱ्याला वाटलं, आमच्या पायात काटा गेला. तो बिचारा धावत आला आणि मुलगा भलतीकडेच बघू लागला.

एका दगडावर बाई कोरली होती. खाली त्रिकोण, वर आडवी रेघ, तिच्यावर गोल डोकं.

"टानित देवी," मुलगा म्हणाला.

"कसली टानित? सटवाई हाय ही," बायको म्हणाली. "घागरा पाह्य की."

मी खो खो हसलो. मुलानं मात्र पाटी वाचून दाखवली. या दगडांखाली मडक्यांत तान्ह्या लेकरांच्या अस्थी सापडल्या. कुणी म्हणतात बळी दिलेली, कुणी म्हणतात आजारानं गेलेली. अजून वाद चालू आहे.

बायको तिथंच खाली बसली. आमचं पहिलं लेकरू, मुलगी, नऊ दिवसांची होऊन गेली. आमच्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि आईला तिथं नेत नाहीत. लेकीला पुरायला माझे वडील, आबा, आणि मी गेलो होतो. जागा कोणती, हे तिनं मला आजवर दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी मोठ्या रुबाबात सांगितलं, आईनं ते विचारायचं नसतं.

मुलगा फोटो काढत पुढं गेला. तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"ह्यांच्या लेकरायला बराबर धोंडा हाय. आपली कुठं हाय, सांगा ना एकदा."

त्या धोंड्यांसमोर मला रुबाब जमेना.

"मलाच ठावं न्हाई," मी म्हणालो. "आबा तिला घेऊन पुढं गेल्ते. मला म्हणले, तू हितंच थांब, पाठ फिरव, मागं पाह्यचं न्हाई. मी न्हाई पाह्यलं. मंग आबाला विचारायची हिंमत झाली न्हाई. आता आबाबी न्हाईत."

वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मला फाडून खाईल. तिनं नुसतं गवत उपटलं.

"मला वाटायचं तुम्हाला ठावं हाय," ती म्हणाली. "सासूबाईंनी एवढंच सांगितल्तं, उत्तरेचा बांध. म्हणून तर सगळ्या बांधाला दूध घालते मी. कुठंबी असली तरी तिला पोचंल."

मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं मी काय काय म्हणून हसलो होतो, ते एकेक आठवत गेलं. पहारेकरी पुन्हा आला आणि या खेपेला खुणेनं विचारू लागला, पायाला काही लागलं का. मी नाही म्हणून मान हलवली.

यंदाच्या नागपंचमीला ती नेहमीसारखी तांब्या भरून निघाली. मी दुसरा तांब्या भरला आणि बांधाच्या त्या टोकाकडून धार सोडत तिच्याकडे चालू लागलो.