गॅसबत्तीच्या उजेडातला लाल

गॅसबत्तीच्या उजेडात गडद लाल रंग काळा दिसतो. जवळून नाही. पण मैदानात मागे जाऊन उभं राहिलं की कुंकवासारखं लाल लुगडं जळक्या तव्यासारखं दिसायला लागतं. फिकट गुलाबी पांढरा पडतो, लिंबू रंग तर नाहीसाच होतो आणि निळ्याचं काही खरं नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. परभणीला डी.एड. करताना मला नाचता येत नव्हतं, म्हणून संमेलनात नाचणाऱ्या मुलींचे कपडे माझ्या गळ्यात पडले. ते नीट दिसतात की नाही हे बघायला मी सगळ्यांत मागच्या रांगेत जाऊन बसायची. पुढच्या खुर्चीवरून सगळेच रंग छान दिसतात, खरा रंग मागून कळतो. एवढी एकच विद्या मी नोकरीच्या गावी घेऊन गेले आणि तीच माझ्या मुळावर आली.

गाव शिरड शहापूरच्या पुढं, आत. आमचा जिल्हा तेव्हा परभणी. पावसाळ्यात एसटी फाट्यावरच सोडून द्यायची आणि तिथून चिखल तुडवत जायचं. शाळेत मी एकटीच बाई. माझे मिस्टर हिंगोलीला कचेरीत कारकून, आणि आमची मुलगी तिथंच सासूबाईंजवळ. गावात माझी एक खोली होती, दिवसभर शाळा. दोन वर्षांच्या पोरीला सांभाळायला कोण? अंगावरचं दूध तोडलं आणि ठेवून आले. शनिवारी अर्धी शाळा सुटली की दुपारची गाडी धरायची आणि सोमवारी पहाटे ती झोपेत असतानाच निघायचं. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे यायची नाही, सासूबाईंच्या पदरामागून नुसती बघत राहायची. रविवारी कुठं जरा चिकटायला लागली की माझी निघायची वेळ झालेली असायची. हिंगोलीची बदली मिळाली तर पोरगी माझी, नाही तर हळूहळू ती सासूबाईंचीच होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. बदलीसाठी मी किती जणांच्या पाया पडले ते आता सांगवत नाही.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला मी हळदकाढणीचा नाच बसवला. आमच्याकडे वसमतपासून इकडे हळदच हळद, त्यामुळे पोरींना खोटं काही करावं लागलं नाही. वाकणं, हळदीचे गड्डे उपटणं, माती झटकणं सगळं त्यांच्या अंगातच होतं. मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, हळदीचा नाच आहे तर सगळ्यांना पिवळं नेसवा. मी म्हटलं, पिवळं नेसवलं तर गावाला वाटेल, कुणी वारलंय. त्यांना पटेना. शेवटी एका पोरीला पिवळी ओढणी देऊन गॅसबत्तीखाली उभी केली आणि गुरुजींना हाताला धरून मैदानाच्या टोकाला नेलं. तिथून ती ओढणी पांढरीफटक दिसली. मग मी पोरींच्या आयांची हिरवी लुगडी मागून आणली, कमरेला तेवढी गडद पिवळी पट्टी बांधली आणि मागं पडद्याऐवजी धनगरांच्या काळ्या घोंगड्या टांगल्या. पट्ट्या अशा उठल्या की म्हाताऱ्यासुद्धा "अगं बाई!" म्हणाल्या. मी मागं उभी राहून इतकी खूश झाले की विचारू नका. नोकरीच्या त्या सगळ्या काळात तेवढी एक संध्याकाळ मला माझी वाटली.

पुढच्या खुर्चीवर शिक्षण विस्तार अधिकारी बसले होते. महिन्याभरानं ते परत आले ते मलाच शोधत.

आणीबाणीचे दिवस होते. नसबंदीचे कॅम्प सुरू होते आणि गावोगाव जीपगाड्या फिरत होत्या. मास्तर लोकांना माणसं आणून द्यायला लावलं होतं, नाही तर पगार अडकत होता. गुरुजींचा अडकलाच होता. ते बिचारे चहा प्यायलासुद्धा दोनदा विचार करायचे. विस्तार अधिकारी साहेब म्हणाले, "बाई, आपल्या गावात कॅम्प लागतोय. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार आहेत. तुमच्या मुलींकडून कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाचा नाच बसवून घ्या. शेवटच्या माणसाला दिसला पाहिजे." मग खुर्चीवरून उठता उठता ते म्हणाले, "तुमचा बदलीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे."

आता सांगा, कोणत्या आईला नाही म्हणता आलं असतं?

माझी सगळ्यांत चांगली नाचणारी पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात उकडलेली हळद वाळत घालत होती. तिनं बसायला पोतं दिलं, पण चहाचं विचारलं नाही.

"बाई, तुमी माझ्या लेकराच्या अंगावर ते लाल घालून राहिल्या. उद्या जीपगाडी पयली माझ्या दारात येईल."

"असं काही होणार नाही. नाच आहे नुसता."

"काहून न्हाई होणार? पल्याडच्या गावात बाजारातून उचलून नेले म्हणतेत. एकाचं तर लगीनबी झालं न्हवतं म्हणं." ती हात न थांबवता बोलत होती. "तुमाला काय भेटून राहिलं याच्यात?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण तिनं वर बघितलं आणि मला ते जमलं नाही. म्हटलं, "बदली. माझी मुलगी हिंगोलीला आहे."

"किती सालाची?"

"तिसरं लागलंय."

तिनं हात थांबवला. मग म्हणाली, "तुमचं लेकरू तुमच्यापाशी यावं म्हून आमी काहून भ्यावं, बाई?" मी उठले, तशी तिनं घरात तोंड करून पोरीला हाक मारली. "जा बाईसंगं. तुझा बाप त्या दिशी रानातच ऱ्हाईल, हळदीत." मला ती एवढंच म्हणाली, "लेकराची आस लई वंगाळ." त्या बाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नाचासाठी वरून लाल खारव्याचा तागा आला होता. जाडाभरडा आणि गडद. मी तो गॅसबत्तीखाली धरला आणि मागं जाऊन बघितलं, अपेक्षेप्रमाणे काळा. खरं म्हणजे तिथंच गप्प बसायला हवं होतं. सरकारी कापड, सरकारी रंग, काळा दिसला तर दिसला, माझ्या बापाचं काय जात होतं? पण मला ते बघवेना. एक तर बदली डोळ्यांपुढं, आणि दुसरं म्हणजे, काळा त्रिकोण मी स्टेजवर उभा करणार? माझ्या हातून? मी साध्या मांजरपाटाचे झगे शिवून घेतले, आधी हळदीच्या पाण्यात बुडवले आणि वाळल्यावर त्यांच्यावर लाल रंगाची पुडी चढवली. खाली हळद असली की लाल तापतो, शेंदराकडं झुकतो. दोरीवर वाळत घातलेले ते झगे बघून माझं मलाच छान वाटत होतं. हात लाल झाले होते आणि मी गुणगुणत होते. असं कसं माणसाचं मन असतं, कुणास ठाऊक.

कॅम्पच्या दिवशी दिवेलागणीला शाळेपुढं गाव जमलं. बाया जास्त, पुरुष थोडे, तेही कडेला, चपला घालूनच बसलेले. ते फक्त आपापल्या पोरी बघायला आले होते. पुढं खुर्च्यांवर साहेब लोक. बाजूला झाडाखाली जीप. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं, मैदानाच्या टोकाला.

हिरव्या लुगड्यांतल्या पोरी आधी आल्या आणि पेरणी करत करत दोन्ही बाजूंना बसल्या. सगळं स्टेज हिरवं झालं. त्या हिरव्यातून लाल झगे उठले. उंच पोरी मागं बाकावर आडव्या ओळीत, त्यांच्यापुढं त्यांच्याहून कमी, आणि अगदी पुढं एकटी बुटकी पोरगी गुडघ्यावर, खाली टोक करून. हिरव्याशेजारी ठेवला की लाल पेटतो. मागं काळ्या घोंगड्या, वर दोन गॅसबत्त्या. इतका लाल लाल मी आयुष्यात बघितला नव्हता.

आणि तो सगळ्यांनाच दिसला. आधी कडेचा एक माणूस उठला. मग त्याच्या शेजारचे. कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. उरूस संपल्यावर जातात तसे ते खाली बघत माझ्या शेजारून निघून गेले. मग बायांनी लेकरं काखेत मारली. एकजण जाताना मला म्हणाली, "बराबर दिसलं, बाई." मैदान रिकामं झालं. पुढं साहेब लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. आणि माझ्या पोरी, सांगितल्याप्रमाणे, माझ्याकडे बघत हसऱ्या चेहऱ्यानं तशाच उभ्या होत्या.

मोठे साहेब फारच खूश झाले. रंगाचं काम कुणी केलं म्हणून त्यांनी मला पुढं बोलावलं. "वा! इतके कार्यक्रम बघितले, पण लाल असा कुठं दिसला नाही," ते म्हणाले. मी विस्तार अधिकाऱ्यांकडे बघितलं. ते नजर टाळत होते. शेवटी मीच तोंड उघडलं. "साहेब, माझ्या बदलीचं..."

"बदली?" मोठे साहेब हसले. "अहो, तुम्हाला सोडून कसं चालेल? हा कार्यक्रम आता गावोगाव झाला पाहिजे. गाडी देतो तुम्हाला." विस्तार अधिकारी लगेच मान हलवायला लागले. "तेवढं होऊ द्या बाई, मग बघू."

मला इतका संताप आला की तिथंच रडू फुटेल असं वाटलं. खारवा काळा दिसू दिला असता तर कुणी माझं नावही काढलं नसतं. मन लावून काम केलं आणि त्याच कामानं मला खुंटीला बांधून ठेवलं. नोकरी सोडावी म्हटलं तर घर दोन पगारांवर चालत होतं. न सोडावी तर जीप दारात उभी.

त्यानंतर शनिवारही गेले आणि रविवारही. जिथं बाजार तिथं कार्यक्रम, कारण बाजाराला माणसं असतात. जीपमध्ये झग्यांची ट्रंक माझ्या पायाशी, पोरी मागं कोंबून बसलेल्या. गावात शिरायच्या आधीच गाव रानात गेलेलं असायचं. लांबून शेतातून माणसांची डोकी दिसायची. आम्ही म्हाताऱ्यांपुढं आणि कुत्र्यांपुढं नाचून परत यायचो. कितीतरी आठवडे मी हिंगोलीचं तोंड बघितलं नाही. मिस्टरांची चिठ्ठी आली की मुलगी बरी आहे, आता तुझी आठवण काढून रडत नाही. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं.

एकदा नरसीला कार्यक्रम होता. तिथून हिंगोली जवळ. पोरींना गुरुजींबरोबर एसटीनं परत पाठवलं आणि ड्रायव्हरच्या विनवण्या केल्या. तो भला माणूस होता, तो म्हणाला, "चला बाई, दारात सोडतो तुमाला."

रविवारची दुपार. जीप आमच्या गल्लीत वळली आणि गोट्या खेळणारी पोरं ओरडत पांगली. दारं धडाधड लागली. आमचंही लागलेलं दिसलं. सासूबाईंना नातू हवा होता आणि त्यांचा लेक सरकारी नोकर. त्यामुळे जीप दिसली की त्या आधी दार लावून घ्यायच्या. त्या दिवसांत घरोघर लेकरांकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं, कारण लेकरांना कुणी दटावत नाही. मी खाली उतरले. दार किलकिलं झालं आणि माझी मुलगी बाहेर आली. उंच झाली होती. केस कुणीतरी कापले होते. उंबऱ्यात उभी राहून तिनं दोन्ही हात चौकटीला लावले आणि माझ्याकडे न बघता, माझ्या मागच्या जीपकडे बघत म्हणाली, "घरी कुणी न्हाई."

"अगं, मी आहे. आई."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हात तसेच ठेवले.

"आई शाळेत हाय," ती म्हणाली. "घरी कुणी न्हाई."