हत्तिणीचा लोड

जगात जेवढी भांडणं होतात, संसार मोडतात, पोरं नापास होतात आणि सरकारं पडतात, त्या सगळ्याचं मूळ माणसाच्या पाठीखालच्या गादीत आहे, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो वाशीमला आमच्या घरासमोरच राहतो. सगळी गल्ली त्यांना गादीवाले चाचा म्हणते. त्यांचे आजोबा खांद्यावर धुनकी टाकून पार रिठद-केनवडपर्यंत पायी फिरायचे आणि लोकांच्या अंगणात कापूस पिंजून द्यायचे. चाचांनी दुकानात पिंजायचं मशीन बसवलं, नजर मात्र आजोबांचीच ठेवली. समोर कोणीही येऊन उभा राहिला की ते आधी त्याच्या कानांकडे बघतात, मग खांद्यांकडे, आणि तो काही बोलायच्या आत निदान सांगून मोकळे होतात. मी या गल्लीत राहायला आलो तेव्हा सामान अजून ट्रकमध्येच होतं. चाचा रस्ता ओलांडून आले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी उजव्या अंगावर झोपता. अन् तुमची गादी मंधात बसेल हाये." मी शिक्षक आहे हे त्यांना ट्रकवाल्याने सांगितलं असावं. बाकीचं कोणी सांगितलं हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

चाचांना कुठेही न्यायचं म्हणजे जोखीम असते. लग्नात ते नवरा-नवरीला आशीर्वाद देण्याआधी त्यांच्या मागचा सोफा दाबून बघतात. केनवडला एका लग्नाची गादी पोचवायला गेले, तिथे नवरदेवाला एकदा मागून-पुढून पाहिलं आणि भर मांडवात त्याच्या बापाला सांगितलं, "पोरगं आडवं-तिडवं लोळनारं हाये. गादी एक हात वाढवा, नाईतर सून चार दिवसांत माहेरी जाईन." एकदा जमिनीच्या कामासाठी एका कचेरीत गेले असताना साहेब त्यांच्यावर खेकसले, तर चाचांना रागच आला नाही. साहेबांच्या खुर्चीतल्या उशीकडे बोट दाखवून ते हळहळत म्हणाले, "यात साहेबाची काई गलती नाई. इच्यावर बसून फरिश्ताबी ओरडन." आणि दुसऱ्या दिवशी नवी उशी करून नेऊन दिली. सगळ्यात कठीण प्रसंग सांत्वनाच्या घरी येतो. चाचा तिथे रडतात मनापासून, पण रडता रडता त्यांचा हात मयताच्या गादीवर फिरतो, आणि उठताना ते घरच्यांना सांगतात, "मानूस लय चांगला होता. गादी चांगली भेटली असती तं अजून पाच वर्षं जगला असता." लोक ऐकून घेतात. त्यातले निम्मे महिनाभरात त्यांच्या दुकानात गादी भरायला येतात, हेही खरं आहे. फोमच्या गादीला ते गादी म्हणतच नाहीत. तिचा उल्लेख ते 'भांडे घासायचा स्पंज' असा करतात आणि तसल्या गादीवर झोपणाऱ्याशी जरा हळू आवाजात बोलतात, आजारी माणसाशी बोलावं तसं.

एवढं करून हा माणूस स्वतः मात्र झोपत नाही. दुपारी एसटीत सगळी गाडी माना टाकून पेंगत असते, तेव्हा चाचा टक्क जागे राहून कोणाची मान कुठे लटकली ते मोजत असतात. चाची होत्या तोवर असं नव्हतं. चाचा कापूस भरायचे, चाची टाके घालायच्या, आणि दुपारची नमाज झाली की दोघंही दुकानातच आडवे व्हायचे. चाचींना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून चाचा दुकानातल्या लाकडी खुर्चीवर बसून रात्र काढतात. घरात स्वतःच्या हातची दोन माणसांची गादी आहे, गल्लीतली सगळ्यात चांगली. तिच्यावर का झोपत नाही, असं मी एकदाच विचारलं. "गादी लय मोठी झाली, गुरुजी," एवढंच बोलून त्यांनी मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात पुढचं काही विचारता येत नाही, हे त्या मशीनचं मोठं काम आहे.

तर गेल्या हिवाळ्यात माझ्या पुण्याच्या मुलीने मला आणि हिला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका हत्तींच्या आश्रयस्थानात दोन दिवसांसाठी पाठवायचं ठरवलं. जन्मभर ओझी वाहून थकलेले, सर्कशीतून नाहीतर मिरवणुकीतून सुटलेले हत्ती तिथे ठेवतात. त्यांच्यावर बसायचं नाही, त्यांना नाचवायचं नाही, उलट पाहुण्यांनीच त्यांचा चारा तोडायचा, लीद उचलायची आणि त्यांना आंघोळ घालायची. हिने ते ऐकलं आणि सरळ नाही म्हटलं. "घरी तुमचं केलं तेवढं बस झालं. तुमी जा चाचाले घेऊन." मी चाचांना विचारायला गेलो तेव्हा ते उशी भरत होते. "पैसे देऊन लीद उचलाची? मंग त्यात मालक कोन, हत्ती का आपन?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मी आपला सहज हातातल्या कागदावरून एकेका हत्तीची माहिती वाचत बसलो. त्यात गोमती नावाची एक म्हातारी हत्तीण होती. तिची सोबतीण मेल्यापासून ती एकदाही आडवी झाली नव्हती. गुडघे दुखत होते, बसलं तर उठता येणार नाही ही भीती, म्हणून अकरा महिने ती उभीच होती. पायांवरचं वजन असंच राहिलं तर पाय फार दिवस साथ देणार नाहीत, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

चाचांचा उशीतला हात थांबला. "अकरा महिने?" त्यांनी विचारलं. मग उशी बाजूला ठेवून म्हणाले, "लोड पायजे तिले. आडवं नाई होता येत तं टेकू तं द्या." आणि त्या क्षणापासून माझी सहल माझ्या हातातून गेली.

पुढचे आठ दिवस चाचांनी लग्नसराईची सगळी कामं मागे ठेवली. मला फोन करायला लावून हत्तिणीचं कानापासून शेपटीपर्यंतचं माप मागवलं. फोनवरच्या माणसाने कशाला पाहिजे विचारलं, तर मागून ओरडून सांगितलं, "सांगा, पाहुनीन घरी येऊन राह्यली." लाल खारव्याच्या जाड कापडाची खोळ शिवली. तिच्यात एवढा कापूस गेला की गल्लीतल्या दोन घरांना वाटलं चाचा जिनिंग काढतायत. लोड जागचा घरंगळू नये म्हणून तळाशी सरकी, म्हणजे कापसाचं बी, घालायची ही त्यांच्या घराण्याची पद्धत. म्हणून तळाला सरकीही घातली, चांगली दोन पोती. जीपच्या टपावर तो लोड दोरांनी बांधून आम्ही निघालो तेव्हा वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं आम्हाला थांबवून कोणाचं लग्न आहे ते विचारत होती. चाचा काच खाली करून गंभीरपणे सांगायचे, "म्हातारीचा आराम हाये."

आश्रयस्थानाच्या डॉक्टरीणबाई नाशिककडच्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या आणि जरा कडक. पाहुणे केळी आणतात, खडीसाखर आणतात, लोड घेऊन कोणी आलं नव्हतं. "आधी इथली कामं शिका, मग बघू," त्या म्हणाल्या. मग आम्ही कामं शिकलो. मी ज्वारीचा कडबा तोडताना स्वतःचं धोतर तोडलं. चाचांना लीद उचलायला दिली तर ते प्रत्येक गोळा फोडून बघत होते. "भरावाले चांगला माल हाये, पन वास," असा निकाल त्यांनी दिला. गोमती चिंचेच्या झाडाखाली उभी होती. एवढं मोठं जनावर, पण दर थोड्या वेळाने पाय बदलत होतं, रेशनच्या रांगेत उभ्या म्हातारीने बदलावेत तसे. शेजारी भिंतीला लागून तिच्यासाठी रेतीचा उतरता ढीग केलेला होता. त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी अखेर परवानगी दिली. सहा माणसांनी लोड उचलून गोमतीपुढे ठेवला. चाचांनी स्वतः टेकून दाखवलं, डोळे मिटून दाखवले, घोरूनही दाखवलं. गोमतीने सोंड पुढे करून लोडाचा वास घेतला, वरपासून तळापर्यंत. तळाशी आल्यावर सोंड थांबली. वऱ्हाडातल्या कोणत्याही म्हशीला जे कळलं असतं ते तिला कळलं. एक पाय लोडावर ठेवून तिने खोळ टरकावली आणि सरकी खायला लागली. माहुतांनी धावत येऊन उरलेली सरकी आणि चिंध्या ओढून घेतल्या, तोवर तिने मोकळा कापूस सोंडेने उचलून स्वतःच्या पाठीवर उधळायला सुरुवात केली होती. दहा मिनिटांत हत्तीण पांढरी, चिंच पांढरी, आणि डॉक्टरीणबाईंचे बूटही पांढरे. सगळे पोट धरून हसत होते. मीसुद्धा हसलो, आणि मग चाचांकडे पाहून मला लाज वाटली. ते कापसात उभे होते आणि एवढंच म्हणाले, "सरकी. ढोर सरकी खाते हे मले समजू नये?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमतीची आंघोळ होती. चाचा ब्रशने घासत होते. डाव्या कानापाशी आले आणि थांबले. कानाची कड चाचपली, मग फेरी मारून उजवा कान बघितला. पुन्हा डावीकडे आले, गालाच्या हाडावर हात ठेवला, खांद्यावर ठेवला. ही चाल मी ओळखत होतो. वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच बघितलं होतं. "डॉक्टरीणबाई," चाचा म्हणाले, "हे डाव्या अंगाची हाये. कान पाहा, घासेल हाये. चामडी पाहा, घट्टा पडला. तुमची रेती भिंतीच्या अशा बाजूले हाये का तिले उजवंच अंग टेकवा लागते. कायले टेकवन ते?" डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतः दोन्ही कान बघितले, मग म्हाताऱ्या माहुताला बोलावलं. तो आठवून म्हणाला, सोबतीण होती तेव्हा गोमती तिलाच टेकून झोपायची. डाव्या बाजूने.

मग जे झालं ते चाचांच्या आजोबांनी पाहिलं असतं तर त्यांनी नातवाला घराबाहेर काढलं असतं. ज्यांनी फोमवाल्यांशी जन्मभर बोलणं टाकलं, ते चाचा बारदानात रेती भरायला बसले. "रेतीची गादी," मधूनमधून ते स्वतःशीच म्हणत, "तौबा." पण भरली मात्र गादीसारखीच, कोपरे दाबून, मध्ये फुगवटा देऊन. दाभणाने तोंडं शिवताना त्यांचे टाके वेडेवाकडे पडत होते. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "टाका तिचा होता, गुरुजी. मी नुसता भरनारा." आमचे दोन दिवस त्या संध्याकाळी संपले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जा म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत झाडाच्या मोकळ्या बाजूला पोत्यांचा उतार रचून झाला, गोमतीच्या डाव्या खांद्याला येईल एवढ्या उंचीचा.

ती लगेच आली नाही. चारा खाल्ला, पाणी प्यायली, पोत्यांचा वास घेतला. या वेळी तळाशी काहीच नव्हतं. भर दुपारी ऊन माथ्यावर आलं तेव्हा ती सावकाश वळली, डावा खांदा पोत्यांवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग सगळं अंग हळूहळू सोडत गेली. पोती करकरली, पण सरकली नाहीत. मागचा एक पाय तिने नुसता टोकावर टेकवला, सोंड मातीत सैल पडली आणि डोळे मिटले. म्हातारा माहूत तोंडावर हात धरून उभा होता. डॉक्टरीणबाई कडक आहेत असं मी वर लिहिलंय, ते मागे घेतो.

चाचांना सांगावं म्हणून मी वळलो. फाटक्या लोडाचा उरलेला कापूस माहुतांनी शेडच्या सावलीत गोळा करून ठेवला होता. त्या ढिगावर चाचा झोपले होते. टोपी सरकलेली, दाभण अजून बोटांत. ढीग चांगला ऐसपैस होता, दोन माणसं सहज मावली असती. पण चाचा अगदी उजव्या कडेला, अंग चोरून पडले होते, आणि त्यांच्या डावीकडे बरोबर एका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती.

डॉक्टरीणबाई जवळ येऊन कुजबुजल्या, "जेवणं व्हायचीत. उठवू का त्यांना?"

"राहू द्या," मी म्हणालो, आणि त्यांच्या बोटांतलं दाभण हळूच काढून घेतलं.